फर्स्ट शिफ्टचं सांबारं

बॉयलर अटेंडंटची नोकरी थोडक्यात सांगायची तर इतकीच: पाण्यावरची नजर काढायची नाही आणि दुसरा माणूस आल्याशिवाय उठायचं नाही. रोह्याजवळ एका केमिकल कंपनीत मी ही नोकरी केली. लग्नाआधी लागलो, मुलीचं लग्न झाल्यावर सुटलो. मागच्या वर्षी कंपनीने गॅसवर चालणारा, स्वतःचं स्वतः बघणारा नवा बॉयलर आणला. जुना बंद झाला आणि त्याच्याबरोबर आम्हालाही स्वेच्छानिवृत्ती मिळाली. मी तेव्हा पंचावन्नचा होतो. स्वेच्छा किती आणि निवृत्ती किती, हा प्रश्न आम्ही कोणी कोणाला विचारला नाही.

निवृत्तीच्या तयारीबद्दल लिहा, असं या अंकासाठी मला सांगण्यात आलं तेव्हा मी आधी टाळाटाळ केली. तयारी मी सगळी केली होती, आणि तरी या विषयात मी नापास आहे असं माझं प्रामाणिक मत आहे. पण नापास झालेल्यानेही पेपर कसा होता ते सांगायला हरकत नसावी.

ज्यांनी बॉयलर पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. ती एक मोठी आडवी टाकी. खाली आग, आत पाणी, पाण्याची वाफ पाइपांमधून कंपनीभर जाते आणि तिच्यावर सगळी रसायनं शिजतात. टाकीच्या तोंडाशी काचेची एक नळी असते, तिला गेज ग्लास म्हणतात. आत पाणी किती आहे ते त्या नळीत दिसतं. पाणी अर्ध्यावर असलं की अटेंडंट सुखी. पाणी काचेतून दिसेनासं झालं तर आधी आग मारायची, म्हणजे विझवायची. घाबरून गार पाणी आत सोडलं तर तापलेल्या लोखंडावर त्याची एकदम वाफ होते आणि टाकी फुटू शकते. वाफ जास्त झाली तर वरचा सेफ्टी व्हॉल्व्ह उडतो. त्याची शिट्टी अशी असते की कंपनीच्या दुसऱ्या टोकाला जेवत असलेला माणूसही हातातला घास टाकून पळत येतो. मी कित्येकदा असा पळालेलो आहे.

आणि हँडओव्हर. पाळी बदलताना जाणारा माणूस मोठ्याने सांगतो: पाणी इतकं, प्रेशर इतकं, आग अशी आहे, अमुक पंप जरा आवाज करतोय. येणारा ऐकतो, स्वतः काचेपाशी जाऊन बघतो आणि म्हणतो, "घेतला." तो "घेतला" म्हणेपर्यंत बॉयलर जाणाऱ्याचाच. येणाऱ्याला आम्ही रिलीव्हर म्हणतो. रिलीव्हर आला नाही तर तुम्ही तिथेच. बाहेर काहीही होवो.

एका पावसाळ्यात माझा रिलीव्हर नागोठण्याला अडकला. अंबा नदीचं पाणी रस्त्यावर आलं होतं, गाड्या बंद. इकडे रोह्याची कुंडलिका नदीही फुगली होती. आमचं घर रोह्याला लागून, वरश्याला, तेव्हा एकाच मजल्याचं. मी बॉयलरपुढे बसून होतो आणि घरी सुनंदा, माझी पत्नी, लहान मुलीला पलंगावर बसवून तांदळाची पोती एकटीने माळ्यावर चढवत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी मी घरी पोचलो तेव्हा पाणी उतरलं होतं आणि तिने घर धुऊन काढलं होतं. मी काही विचारायच्या आत ती दबक्या आवाजात म्हणाली, "झोपा आधी." मी झोपलो. तेव्हा ते मला मायेचं वाटलं आणि होतंही मायेचंच. पण ती पोती तिने कशी चढवली हे आजपर्यंत मी विचारलेलं नाही. काही प्रश्न वेळेवर विचारले नाहीत की मग ते विचारायचीही लाज वाटते.

आमच्याकडे रिटायर झालेल्या माणसांचे दोन नमुने मी जवळून पाहिले.

पहिले दत्तूनाना. माझे गुरू. काचेकडे न बघता नुसत्या पंपाच्या आवाजावरून पाणी किती ते सांगायचे. निरोप समारंभात त्यांना शाल आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. पुढच्या सोमवारी सकाळी ते डबा घेऊन कंपनीच्या गेटसमोरच्या टपरीवर हजर. फर्स्ट शिफ्ट आत जाताना बघायची, चहा घ्यायचा, दुपारची सेकंड आत गेली की घरी जायचं. वॉचमन चेष्टा करायचा, "नाना, पंचिंग राहिलं ना." नाना म्हणायचे, "घरी बसलो तर म्हातारी सारखी इचारते, बरं नाय का तुमाला?" आम्ही खूप हसायचो. त्यांच्या बायकोने रोज डबा का भरून दिला, हे तेव्हा मला कळलं नव्हतं. आता कळतं. ती बाई त्यांना निदान एका जागी तरी पोचवत होती.

दुसरा काशिनाथ फिटर. हा पेणचा, रामवाडीत राहायचा, रोज मोटारसायकलने ये-जा. रिटायर व्हायला बरीच वर्षं असतानाच तो गणपतीच्या कारखान्यात जाऊन बसू लागला. पेणला मूर्तींचं काम बाराही महिने चालतं. फर्स्ट शिफ्ट करून घरी गेला की हा तिकडे. हात लोखंडावरचा, त्यामुळे सुरुवातीला त्याला फक्त वाळलेली मूर्ती पॉलिशपेपरने घासायला द्यायचे. पहिल्याच वर्षी त्याने एका उंदराचा कान उडवला. कारखान्याची मालकीणबाई त्याला म्हणाली, "भाऊ, हा पाइप नाय. ह्याला जीव लावून घासायचा असतो." आम्ही त्याला महिनाभर उंदीर म्हणून हाक मारत होतो. पण रिटायर झाल्यावर काशिनाथला विचार करावा लागला नाही. तिथे त्याचं एक स्टूल ठेवलेलं होतं. लोक छंद छंद म्हणतात. मला वाटतं, छंदापेक्षा ते स्टूल मोठं. आपण नाही आलो तर रिकामं दिसेल अशी एक जागा आधीपासून करून ठेवायला हवी.

मी मात्र गृहीत धरलं होतं की माझं स्टूल घरात आहेच.

कंपनीने आम्हाला निरोप देण्याआधी कँटीनमध्ये एक व्याख्यान ठेवलं. निवृत्तीची तयारी. बाहेरून एक सर आले होते, पडद्यावर चित्रं दाखवत होते. पैसे कुठे ठेवावेत, रक्त कधी तपासावं, चालायला कधी जावं. जोडीने या, असं बजावलं होतं, म्हणून सुनंदाही माझ्या शेजारी बसली होती. सगळं मी वहीत उतरवून घेतलं. शेवटी सरांनी बायकांना बोलतं करायचं ठरवलं. त्यांचं बोट नेमकं सुनंदाकडे वळलं. साहेब आता दिवसभर घरी असतील, तुम्ही काय काय ठरवलंय?

ती उभी राहिली. पदर सारखा केला. म्हणाली, "काय ठरवणार? हे दिवसा कसे असतात तेच मला ठाऊक नाय. मी ह्यांना झोपलेलेच बघितलेत."

कँटीन हसून लोळलं. सरही हसले. मीही हसलो, कारण न हसणं जास्त वाईट दिसलं असतं.

स्कूटरवरून घरी येताना मी तिला म्हटलं, चारचौघांत असं बोलतात का? ती मागून म्हणाली, "त्यांनी विचारलं म्हणून सांगितलं. तुम्ही कधी विचारलंत?" तिच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर मला बरं वाटलं असतं.

शेवटच्या दिवशी जुना बॉयलर मी विझवला. बॉयलर एकदम बंद करत नाहीत. आग हळूहळू कमी करायची, प्रेशर आपोआप उतरू द्यायचं, दारं उघडून गार हवा आत घ्यायची नाही, नाहीतर आतल्या विटांना तडे जातात. पाणी तर पार निवल्याशिवाय काढायचंच नाही. हे सगळं मी नीट केलं. मग खुर्चीवर बसून राहिलो. सुपरवायझर म्हणाला, भोईर, घरी जा आता. मी उठलो, पण पाय निघेना. मग लक्षात आलं. "घेतला" असं म्हणणारं कोणी आलं नव्हतं. कोणी येणारही नव्हतं.

पहिले दोन-तीन महिने मी वहीबरहुकूम वागलो. सकाळी कुंडलिकेच्या काठाने चालून आलो. रक्त तपासलं. आमचं मूळ गाव पेणच्या आतल्या बाजूला, तिथे भात काढल्यावर भावाने वाल पेरले होते, तेही बघून आलो. घरी आल्यावर गॅसची नळी तपासली, गळके नळ बदलले, मसाल्याच्या डब्यांवर नावं चिकटवली. सुनंदाने नावं वाचली आणि म्हणाली, "हळद मला दिसते हो." आणि हसली नाही.

आमचं घर फार शांत आहे, हे मी आयुष्यभर कौतुकाने सांगत आलो. शेजारच्या घरात टीव्ही, भांडी, भांडणं. आमच्याकडे कधी आवाज नाही. मला वाटायचं, माझी बायको आणि मुलगी स्वभावानेच शांत आहेत. प्राजक्ता, माझी मुलगी, फोनवरसुद्धा इतकी हळू बोलते की सासरी सुरुवातीला सगळे तिला आजारी आहेस का म्हणून विचारायचे. ते सासरही पेणलाच. तिची लेक इरा नुकती बोलायला लागली आहे.

एका दुपारी दोघी आल्या होत्या. मी जेवून आतल्या खोलीत आडवा झालो होतो, झोप नव्हती. दाराशी इराची पावलं वाजली, मग प्राजक्ताचा आवाज आला, "शूऽऽ. आजोबा झोपलेत." पावलं बंद झाली. नातीला उचलून तिने स्वयंपाकघरात नेलं. नंतर तिथून बोलणं ऐकू येऊ लागलं. शब्द कळत नव्हते. मध्येच सुनंदा हसली, तोंडावर पदर दाबून हसावं तसं, आणि तिच्यामागे प्राजक्ता. कशावर तरी तिघी खूश होत्या.

मला उठून तिथे जावंसं इतकं वाटलं की काय सांगू. जागा आहे मी, असं ओरडून सांगावंसं वाटलं. पण मला ठाऊक होतं, मी दारात उभा राहिलो की ते हसणं थांबणार. सुनंदा विचारणार, चहा ठेवू? प्राजक्ता म्हणणार, जागे झालात बाबा? आणि ते जे चाललं होतं ते कुठे तरी आत ठेवलं जाणार. म्हणून मी तसाच पडून राहिलो. डोळे मिटून ऐकत राहिलो. पंचावन्न वर्षांचा माणूस, स्वतःच्या घरात, झोपेचं सोंग घेऊन. वरश्याच्या या घरात अशा किती दुपारी झाल्या असतील, मी खरोखर झोपलेला असताना, आणि त्या सगळ्या माझ्या उशापासून काही पावलांवर होत्या.

सुनंदाचं खरं हसणं मात्र मी लग्नाच्या पहिल्या दिवसांनंतर या घरात ऐकलेलं नाही. ते शेजारी ऐकू येतं. दुपारी कामं आटोपली की ती नाईकवहिनींच्या ओटीवर जाते. चार-पाच जणी जमतात, कुरड्या, शिवण, नाहीतर नुसत्या गप्पा. आमच्या ओटीवर कधीच नाही. कारण आमच्या ओटीच्या आतल्या खोलीत मी झोपलेला असायचो.

आता सांबाऱ्याचं सांगतो. काळ्या वाटाण्याचं सांबारं मला लहानपणापासून आवडतं. भाजलेल्या खोबऱ्याचं वाटण, सोबत गरम तांदळाची भाकरी. सुनंदाच्या हातचं तर माझ्या आईलाही मान्य होतं. घरी बसून अर्धं वर्ष होत आलं तेव्हा मला जाणवलं, ते एकदाही झालेलं नाही. उपास नाही, श्रावण नाही, वाटाणे डब्यात भरलेले आहेत, त्यावर मीच नाव चिकटवलेलं आहे. एका सकाळी मी सहज विचारलं, "सांबारं नाही करत हल्ली?"

ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुम्हाला फर्स्ट शिफ्ट कुठे हाय आता?"

मला काही कळेना. सांबाऱ्याचा आणि शिफ्टचा काय संबंध?

मग तिने सांगितलं. काळे वाटाणे शिजायला कुकर लागतो. कुकर लावला की शिट्टी होते. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मी रात्रपाळी करून सकाळी झोपलो होतो आणि तिने माहेरून आणलेला कुकर मोठ्या हौसेने पहिल्यांदा लावला. शिट्टी झाली आणि मी झोपेतच अंथरुणातून उडी मारून स्वयंपाकघरात आलो, गॅस बंद केला, उघड्या हाताने कुकर धरला, हात भाजून घेतला आणि ओरडलो, "मागे सरका, मागे!" तिला भिंतीशी ढकललं म्हणे. मला ते अर्धवट आठवतं. हाताची पट्टी आठवते. घरच्यांनी त्यावर बरीच वर्षं विनोद केले. मी समजत होतो तो विनोद तिथेच संपला.

तिच्यासाठी संपला नव्हता. त्या दिवसापासून तिने मी झोपलेला असताना कुकर लावला नाही. सेकंडला मी रात्री उशिरा येऊन स्वयंपाकाच्या वेळेपर्यंत झोपलेला, रात्रपाळीला दुपारपर्यंत झोपलेला. उरला फक्त फर्स्टचा आठवडा, तेव्हा मी सकाळी घराबाहेर. म्हणून कडधान्य, सांबारं, जे जे शिट्टीवर शिजतं ते सगळं त्या आठवड्यात. बाकी दिवस डाळ टोपात, मंद आचेवर, समोर उभं राहून. मला मात्र इतकंच ठाऊक होतं की फर्स्ट शिफ्टवरून आलं की काहीतरी चांगलं खायला असतं. मी ते शिफ्टचं भाग्य समजत होतो.

"आणि आता?" मी विचारलं.

"आता तुम्ही कधी पण झोपता," ती म्हणाली. "सवय मोडत नाय. तुमची बी आणि माझी बी."

मी बॉयलरचा माणूस. वाफेवर नजर ठेवायची हे माझं काम, त्याचं सर्टिफिकेट भिंतीवर लावलेलं आहे. आणि माझ्या घरात वाफेला आवाज करायला बंदी होती, ती एका बाईने एकटीने पाळली आणि मला त्या बंदीचा पत्ता नव्हता. मी तिला म्हटलं, आज लाव. ती म्हणाली, दचकाल. मी म्हटलं, दचकू दे. ती म्हणाली, वाटाणे भिजवलेले नायत, उद्या बघू. सुनंदाचं उद्या बघू म्हणजे नाही, हे मला माहीत आहे. मी स्वतःच उठून वाटाणे पाण्यात टाकले. तिने पाहिलं. नंतर पाणी कमी घातलं म्हणून त्यात आणखी एक तांब्या ओतला.

दुसऱ्या दिवशी जेवणाआधी मी मुद्दाम ओटीवर बसलो, पेपर उघडून, जागा. आत तिने कुकर चढवल्याचा आवाज आला. मग ती वाट बघत उभी राहिली असावी, कारण काहीच हालचाल नव्हती. आणि शिट्टी झाली.

खरं सांगतो, मी दचकलो. पेपर खाली पडला, पाय आपोआप उभे राहिले, उजवा हात पुढे झाला. इतकं सगळं ठरवून बसलो होतो तरी. सुनंदा झारा हातात धरून दारात आली. लग्नाच्या पहिल्या आठवड्यात त्या शिट्टीला दिसली असेल तशी दिसत होती. माझं सगळं अंग स्वयंपाकघराकडे धावत होतं आणि मी ते धरून ठेवलं.

"मी जागाच आहे," मी म्हटलं.

तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. तेवढ्यात कुंपणापलीकडून नाईकवहिनींनी हाक मारली, "सुनंदा, येतेस ना गो? वाल सोलायचेत, सगळ्या थांबल्यात." एरवी ती म्हणाली असती, येते, ह्यांचं जेवण होऊ दे. त्या दिवशी तिने झारा माझ्या हातात दिला.

"गॅस बारीक केलाय," ती म्हणाली, आणि मोठ्याने म्हणाली, घरात बोलायच्या तिच्या आवाजात नाही, ओटीवरच्या. "अजून एक शिट्टी झाली की बंद करा. झाकण लगेच उघडू नका, वाफ जाऊ द्या. वाटण झाकून ठेवलंय. मी येईपर्यंत सोडून जाऊ नका."

माझ्या तोंडून आपोआप निघालं, "घेतला."

"काय?"

"काही नाही. जा तू."

ती गेली. मी स्वयंपाकघरात स्टूल ओढून कुकरसमोर बसलो. काच नव्हती, काटा नव्हता, नुसती शिट्टीच्या तोंडाशी हलणारी वाफ. थोड्या वेळाने शेजारच्या ओटीवरून बायकांचं हसणं आलं आणि त्यात सुनंदाचं, मोकळं, पदर न दाबता. उठून दारापर्यंत गेलो असतो तर अजून नीट ऐकू आलं असतं. पण मी बसून राहिलो. तिने जे सोपवलं होतं ते चालू होतं आणि ती अजून यायची होती.